हे दुखणं कुणाकडून आलं

"आक्का, तुमी ऱ्हाऊ द्या. कवळं लेकरू हाय."

उत्रोलीत माझ्या धाकट्या जावेच्या नातवाचं बारसं होतं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून घ्यायला मी हात पुढे केले, आणि तिने बाळ मागे ओढलं. सगळ्या बायकांसमोर. आमच्या घरात हा मान थोरलीचा. थोरली मी.

मागून कुणीतरी म्हणालं, "या वयात असलं दुखणं! लई इंग्रजी शिकली ना."

बाळांनो, तुम्ही दूर आहात, म्हणून दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका. मला गुप्तांगावर चामखिळी आल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी एचपीव्ही नावाचा विषाणू सांगितला. मी घरी येऊन फक्त तुमच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे या जावेच्या नवऱ्याला सांगितलं, "हिला कसलातरी संसर्ग झालाय." हिला. स्वतःचं नावही काढलं नाही.

बारशात तुमचे आजोबा दारापाशी खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकत होते. मान वर केली नाही.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"अगं, हितं कशाला? घरी बोलू."

घरी चाळीस वर्षं बोललो. म्हणून मी तिथेच बोलले.

"हा आजार संबंधातून येतो, कातडीला कातडी लागून. ताटातून नाही, बाळाला उचलून नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला क्वचित जातो. अंगात वर्षानुवर्षं गप्प राहतो, म्हणून कधी आला ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. कुणाकडून, ते मला सांगता येतं. माझ्या आयुष्यात हा एकच पुरुष."

अडकित्ता थांबला.

"आवो आक्का, बारशाच्या घरात असलं बोलत्यात व्हय!" जाऊ म्हणाली. बाळ तिने दिलं नाहीच.

मी मागितलंही नाही. चप्पल घातली आणि एकटी भोरला घरी आले.

आजोबांचा तुम्हाला फोन येईल. आजीचं डोकं फिरलंय म्हणतील. ऐकून घ्या. त्या विषाणूवर लस आहे, ती दोघंही घ्या, मुलगा म्हणून कुणी टाळू नका. त्यांना तो लग्नाआधी लागला की नंतर, मी विचारणार नाही. पण माझ्याकडे बोट दाखवलं गेलं आणि ते गप्प बसले, याला मी माफी देणार नाही. यापुढे कुणीही विचारलं, तर नाव घेऊन सांगेन. त्यांच्यादेखत.