रॅम्पवरच्या चपला

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात मराठी मंडळाच्या गणपतीला मिळणाऱ्या हॉलचा रॅम्प चांगला ऐसपैस आहे. पण आपली माणसं दरवर्षी नेमक्या त्याच्यावरच चपला काढायची. व्हीलचेअरवरच्या उल्कामावशी खाली थांबून कुणाकुणाला हाका मारायच्या. गेल्या वर्षी त्यांचं डोकंच फिरलं. लांब दांड्याच्या चिमट्याने एकेक जोड उचलून त्यांनी मांडीवर रचला आणि तो ढीग घेऊन ऐन आरतीत थेट गणपतीसमोर गेल्या. टाळ्या थांबल्या.

"मावशी, देवासमोर चपला?" अध्यक्ष शंतनू कळवळला.

"वाटेत पडल्या होत्या, बाळा. आपापल्या ओळखून घ्या."

यंदा रॅम्प लख्ख मोकळा होता. मावशी सरसर वर आल्या. मांडीवर चिमटा मात्र होता. तो दिसताच शंतनूने भिंतीकडेला काढलेले आपले बूट उचलले आणि मोज्यांवरच चालत गाडीत नेऊन ठेवले.