साहेबांच्या कानामागचा पत्रा

हमीदभाई कामावर आले की आधी खिशातून दाढीचा गोल आरसा काढायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस मिशा विंचरणार. पण ते शिडीने गच्चीवर चढले, लांबच्या गोठ्यावर उन्हाचा कवडसा पाडला आणि वरून मला ओरडून म्हणाले, "दिसलं तर पोचलं, भाऊसाहेब! नेटचं लई सोपं हाय. गच्चीला गच्ची दिसली पायजे, बस!"

मी केजजवळच्या एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क. संस्थेची साठ एकर जागा, आणि इमारती इतक्या लांब लांब की एकीतला माणूस दुसरीत पोचेपर्यंत काय काम होतं ते विसरतो. नेटची लाईन फक्त मुख्य इमारतीत. तिथून गच्चीवरच्या छोट्या डिशमधून ते बाकीच्या इमारतींना पोचवायचं काम हमीदभाईंकडे होतं. केजच्या बसस्टँडसमोर त्यांचं कूलर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान; आमच्याकडे ते वर्षाच्या करारावर येत.

नेट कुठे आधी द्यायचं हे ठरवायला संस्थेने रीतसर समिती नेमली होती. समितीने सखोल विचार करून पहिला नंबर अध्यक्षसाहेबांच्या विश्रामगृहाला दिला. दुसरा गोठ्याला, कारण साहेबांना आपल्या गीर गाई मोबाईलवर बघायच्या होत्या. मुलींचं वसतिगृह सगळ्यात मागे, खोलगट जागेत. तिथे मोबाईलला रेंजही नसे, म्हणून त्याचा नंबर शेवटचा. हमीदभाई मला म्हणाले, "गाईला नेट दिलं, चांगलं केलं. आता पोरींला बी द्या. त्या तरी वापरतील." समितीपुढे हे वाक्य मी थोडं मवाळ करून मांडलं. दीड वर्षाने वसतिगृहाला नेट मिळालं.

मग साहेबांचा वाढदिवस आला. मैदानाच्या कडेला लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर पत्रे ठोकले आणि पत्र्यांवर साहेबांचा दोन मजली उंच फ्लेक्स चढला. खाली चाळीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यात माझाही; मला कुणी विचारलं नव्हतं, पण फोटो चांगला आला होता. सकाळी दहाला वसतिगृहाच्या रेक्टर गिरीबाई धापा टाकत आल्या. नेट बंद. मुख्य इमारत आणि वसतिगृह यांच्या बरोबर मधे साहेब उभे होते.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म बंद होणार होते. एकोणीस मुलींचे फॉर्म राहिले होते. संगणक कक्षात पाहुण्यांच्या पंगती, केजच्या सगळ्या जीपा आणि एसट्याही गर्दी आणायला गेलेल्या. गिरीबाईंच्या मागे नेकनूरची वैष्णवी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सर, आबा म्हणलेत, यंदा नंबर लागला तर शिक, न्हाई तर लग्न. पाहुणे बघून गेलेत." मी तिला सांगितलं, अर्ज द्या, समितीपुढे ठेवतो. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

हमीदभाई त्या दिवशी माईकची वायर बघायला आले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोर्ड काढता येतोय का?"

"हमीदभाई, नोकरी जाईल माझी."

"मग ऱ्हाऊ द्या. फ्लेक्समधून नेट जातंय, पत्र्यातून न्हाई जात. तुमी फकस्त शिडी धरा."

व्यासपीठावर साहेबांच्या दूरदृष्टीवर भाषण चाललं होतं, त्याच वेळी आम्ही त्यांच्या पाठीमागे होतो. हमीदभाईंनी खिळ्याने पत्र्याला आणि फ्लेक्सला मिळून बारीक भोक पाडलं, एक डोळा लावून गच्चीवरची डिश शोधली आणि टाळ्या पडल्या की कात्री चालवायची, असं करत परातीएवढा पत्रा कापून काढला. ते भोक सोडलं तर समोरचा फ्लेक्स तसाच राहिला. नेट साहेबांच्या उजव्या कानातून वसतिगृहात गेलं. साडेचारपर्यंत एकोणीसही फॉर्म भरले गेले. मी शिडी धरून कुणी बघतंय का ते पाहत होतो, हमीदभाई मात्र वरून मला विचारत होते, "भाऊसाहेब, जेवणात बालुशाही हाय का हो?"

वाढदिवस संपला, बोर्ड राहिला. आठवड्याने वारं सुटलं आणि मागे पत्रा नसल्यामुळे साहेबांचा तेवढा कान फडफडायला लागला. साहेब गाडीतून उतरून पाच मिनिटं आपल्या कानाकडे बघत उभे राहिले. चौकशी समिती नेमली गेली. सचिव मी. शिडी कुणी धरली होती हा प्रश्न समितीने विचारला नाही, आणि सचिवानेही तो सुचवला नाही. हमीदभाईंचा करार रद्द झाला.

ते पत्र मीच टाईप केलं, मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. मी खाली मान घालून बसलो होतो. "कावून तोंड पाडता?" ते म्हणाले. "दोघं कशाला घरी बसायचं? फकस्त पत्रा लगेच लावू नका. पोरींची दुसरी फेरी पंधरा दिवसांनी हाय."

पत्रा बसवायची फाईल माझ्याकडे आली. मी तिच्यावर शेरा मारला: वेल्डर उपलब्ध नाही. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, वर्ष गेलं, तरी तो शेरा मी बदललेला नाही. माझं शौर्य म्हणायचं ते एवढंच.

वैष्णवीचा नंबर लातूरला लागला. मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला, तेव्हा ती पेढे घेऊन आली. "भाऊसाहेब, तुमच्यामुळं झालं," म्हणून पाया पडली. मी पेढा खाल्ला. मग तिने विचारलं, "हमीदचाचा कुटंयत? त्यांना बी द्यायचाय."

"त्यांनी काम सोडलं," मी म्हणालो.

ती त्यांचा पेढा कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेली. केज इथून आठ किलोमीटर. एसटी दर तासाला जाते. तिसऱ्या दिवशी पेढ्याला मुंग्या लागल्या, तेव्हा मी शिपायाला तो उचलायला सांगितला.