पितळी स्टोव्ह घेऊन लातूरला

हिमायतनगरहून निघाले तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेला पितळी स्टोव्ह. आमच्या जुन्या चहाच्या हॉटेलातला, पंप मारायचा, चांगला दणकट. माझी भाची ऋतुजा लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास करते. परीक्षा तोंडावर आलेली आणि तिचा फोन आला, "आत्या, मेस बंद पडायला आलीय. गॅसच न्हाई." आखातात लढाई पेटली, जहाजं सामुद्रधुनीत अडकली आणि सरकारने आधी हॉटेल-मेसच्या टाक्या रोखल्या. कुठल्या दोन देशांचं भांडण, आणि जेवण बंद व्हायची पाळी आमच्या पोरीवर. रागाने माझं डोकं भणभणत होतं.

नांदेडला इतवाऱ्यात रहीमभाईंचं दुकान आहे. एकेकाळी स्टोव्हच दुरुस्त करायचे, आता मिक्सर आणि कुकर करतात. स्टोव्ह पाहून त्यांची कळी खुलली. वॉशर बदलला, पिन मारली, एका जुन्या बाटलीच्या तळाशी होतं ते ओतलं आणि काडी लावली. निळी ज्योत भरभरू लागली.

"बघा भाभी, कसा पेटून राहिला. लई दिसांनी ह्यो आवाज ऐकला."

आम्ही दोघंही कौतुकाने ऐकत राहिलो.

लातूरच्या एसटीत खिडकी मिळाली. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी दिसलं तेवढ्यापुरतं मन जरा निवलं. अहमदपूरला गाडी थांबली, भूक लागली होती. हॉटेलात भज्यांची कढई पालथी घातलेली.

"काय मिळेल?"

"केळी हायत."

"अन् चहा?"

"सकाळी हुता."

गाडीत शेजाऱ्याच्या मोबाइलवर कोणी पुढारी ठणकावून सांगत होता, देशात गॅसचा अजिबात तुटवडा नाही. मी केळं सोलत म्हणाले, "त्याला म्हणावं, अहमदपूरला येऊन चहा पिऊन दाखव." शेजाऱ्याने आवाज कमी केला.

लातूरला क्लासच्या गल्लीत हुशार पोरांच्या फोटोंचे फलक माडीपर्यंत चढलेले. खाली कांताबाईंची मेस. त्यांनी गोणपाट सोडलं, स्टोव्ह पदराने पुसला, उचलून हलवून पाहिला.

"झकास हाय ताई. पण यात घालू काय?"

रॉकेल! रेशनवरचं रॉकेल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. गॅस आला, धूर गेला, म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मी आणि रहीमभाई, स्टोव्हवर जन्म काढलेली दोन माणसं, पण दुकानात दोघांनाही आठवलं नाही. रहीमभाईंनी उरलंसुरलं जाळून दाखवलं होतं.

"चुलीवर करा. पळाट्या (कापसाची वाळकी झाडं) मी पाठवते."

"घरमालक धूर करू देईना. विजेची शेगडी लावली तर लाइटच जाती. गल्लीतल्या बाकीच्या मेस आधीच बंद झाल्या, आमचीबी उद्यापासून बंद, ताई." रिकाम्या पातेल्याकडे बघत त्या बोलत होत्या. मागे ऋतुजाची पिशवी भरून तयार होती.

लढाया मला कळत नाहीत. पण चार पाहुणे येणार म्हटलं तर घरची बाई वेगळं पीठ राखून ठेवते, हे कळतं. एक जळण काढून घेतलं, दुसरं परक्या समुद्राच्या भरवशावर ठेवलं आणि वर टीव्हीवर छाती काढून बोलायचं! देश चालवणाऱ्यांना एवढंही सुचू नये?

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत ऋतुजा पुस्तक उघडून बसली होती. स्टोव्ह माझ्या मांडीवर.

"घरीही होईल गं अभ्यास," मी म्हणाले.

"क्लास इथं हाय ना, आत्या." तिने पान उलटलं नाही.

स्टोव्ह मी माळ्यावर टाकलेला नाही. चिंचेने घासून ओसरीवर ठेवलाय, दारात येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. मतं मागायला येतील, हात जोडतील. त्या जोडलेल्या हातांत मी तो देणार आहे आणि कांताबाईंनी मला विचारलं तेच विचारणार आहे, यात घालू काय? उत्तर मिळेपर्यंत कोणी ओसरी उतरायची नाही.