तात्यांची हनुवटी

पाच वाजता निपाणीहून एक माणूस जुना कॅमेरा घेऊन येणार आहे. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत, आणि मी तात्यांच्या बंद स्टुडिओतल्या सोफ्यावर आडवी पडलेय. पोटावर मोबाईल, मोबाईलमध्ये बावीस टॅब उघडे. झोपायला नाही आलेय हं. झाडायला आलेय. झाडू दाराशी उभा आहे, हवं तर त्याला विचारा.

तात्या म्हणजे माझे आजोबा, नेमिनाथ उपाध्ये. गडहिंग्लजमध्ये चाळीस वर्षं त्यांचा हा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी आणि दहावीचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढलेत. दीड वर्षापूर्वी ते गेले. जाताना माझ्या नावाने एक ठेव ठेवून गेले आणि बाबांना सांगून गेले, "पोरीला कॅमेरा घ्यायचा यातनं. तिचा ती निवडंल."

निवडंल! गेले तीन आठवडे मी निवडतेच आहे. त्या पैशांत दोनच गोष्टी बसतात. एक, सहा वर्षांपूर्वीचं मॉडेल, वापरलेलं, पण सोबत चेहऱ्यांसाठीची सुंदर मोठी लेन्स. दोन, यंदाचं कोरं मॉडेल, माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस करणारं, चालत्या गाडीतसुद्धा न हलणारं; पण मग लेन्सला पैसे उरत नाहीत, खोक्यातून येते ती मिणमिणती लेन्सच वापरायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत मोबाईलवर काढलेल्या फोटोला पहिलं बक्षीस मिळाल्यापासून मी कुठल्याही विषयावर ठाम मत देऊ शकते, अगदी शेजारच्यांच्या घराच्या रंगावरही. फक्त या एका विषयावर नाही.

बाबा सकाळी म्हणाले, "पाचपर्यंत सांग. नाहीतर ते पैसे तुझ्या क्लासच्या फीला." बाबा पोकळ धमकी देत नाहीत. हा त्यांचा मोठाच दोष आहे.

समोर आरसा आहे. आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा आणि पावडरचा गोल डबा. डब्याचं झाकण गंजून असं बसलंय की सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घालून बघितला, तर झाकणाला पोचा आला, पण डबा उघडला नाही. भिंतीवर हलकर्णीच्या चौगुले जोडप्याचा लग्नातला फोटो, दोघं खळखळून हसताहेत. आणि त्याच्या शेजारी, हार घातलेले तात्या.

तो फोटो आधारकार्डावरून मोठा केलाय. खरंच. चाळीस वर्षं गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. कार्डावरचा वाढवला तर तात्या धुक्यात पकडलेल्या संशयितासारखे दिसायला लागले.

तेविसावा टॅब उघडावा म्हणून मी बोट उचलते. बोट खाली यायला फार वेळ लागतो. पंखा फिरतोय की छत फिरतंय ते नक्की कळत नाही, आणि आतल्या डार्करूमचा लाल दिवा लागतो. तो तर दहा वर्षं बंद आहे.

पडदा सारून तात्या बाहेर येतात, टॉवेलला हात पुसत.

"झाडू दाराशी आणि पोरगी सोफ्यावर," ते म्हणतात. "झाडू एकटाच झाडतोय व्हय?"

मी उठून बसते. मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. वाटतं ते त्यांच्या तोंडाचं. आवाज तात्यांचा, पांढरा शर्ट तात्यांचा, पण तोंड आधारकार्डावरचं. धुरकट, कान मोठे, डोळे दोन दिशांना.

"तात्या, तुमचं तोंड..."

"बघ की! तुम्ही लावलंय तेच घालून फिरतोय दीड वर्ष. तिथं सगळे आपापल्या हाराच्या फोटोतलं तोंड लावून असतात. आमच्या गल्लीतला शिंपी, जन्मात दात घासला नाही त्यानं, पण काय फोटो लावलाय पोरांनी! हिरो दिसतोय हिरो. आणि मी? अख्ख्या गावाला सांगत आलो, हनुवटी खाली घ्या, हनुवटी खाली घ्या. माझ्या फोटोत हनुवटी कुठाय? दाखव."

मी बघते. हनुवटीच्या जागी सरळ कॉलर सुरू होते.

"सॉरी," मी म्हणते, आणि विषय बदलायला मोबाईल पुढे करते. "तात्या, बरं झालं आलात. पाचच्या आत ठरवायचंय. हा तक्ता बघा. डावीकडं जुना, उजवीकडं नवा. एकतीस मुद्दे आहेत."

तात्या तक्ता हातात घेतात. तो कागदाचा आहे, मोठा, शाळेच्या उत्तरपत्रिकेसारखा, आणि मी शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या बाकावर बसलेय. फळ्यावर एकच प्रश्न: जुना की नवा, सकारण लिहा, गुण शंभर. तात्या हातात छडीसारखा ट्रायपॉड घेऊन बाकांमधून फिरताहेत.

"एकतीस मुद्दे," ते वाचतात. "बॅटरी. वजन. पाण्याचे शिंतोडे. दोन कार्डांची सोय. येडे, यात माणूस कुठाय? फोटो कुणाचा काढणार, ते कुठल्या रकान्यात लिहिलंयस?"

"ते... ते नंतर ठरेल."

"म्हणजे स्थळं बघितली, मांडव घातला, आणि नवरी कोण ते नंतर ठरंल."

"तात्या, सरळ सांगा ना, कुठला घेऊ? तुम्ही चाळीस वर्षं..."

"मी सांगितलं की तू म्हणणार, तात्यांनी सांगितलं म्हणून घेतला. चुकला की तात्यांच्या डोक्यावर. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर घालायला काय जातंय!"

घंटा होते. मी पटकन उत्तरपत्रिकेखाली पुरवणी जोडते, पण दोरा ओला आहे, आणि पायांनाही ओलं लागतं. आम्ही स्टुडिओच्या मागच्या पडद्यात उभे आहोत. तो पडदा म्हणजे रंगवलेलं तळं, रंगवलेलं शिकारा होडकं, आणि एक बदक, ज्याची मान रंगाऱ्याने चुकून उंटाएवढी काढली होती. बदक अजून तसंच आहे. आमच्याकडे बघून मान वळवतं. वळवायला त्याला बराच वेळ लागतो.

तात्या होडीत बसतात. होडीच्या फळीवर दोन्ही कॅमेरे ठेवलेत, जुना आणि नवा.

"चल," ते म्हणतात, "माझा काढ. म्हणजे हे तोंड तरी सुटंल. आधी तुझा तो शहाणा घे."

मी नवा उचलते. अहाहा! हातात अगदी लोणी. डोळ्याला लावते, आणि तो लगेच डोळे शोधायला लागतो. बदकाचा डोळा सापडतो. त्यावर हिरवी चौकट. मग होडीच्या नाकावर काढलेल्या मोराचा डोळा. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे, एकेक करून, सगळे. तात्यांवरून तो सरळ घसरून पुढे जातो.

"काय झालं?"

"तो म्हणतोय, चेहरा सापडला नाही."

"त्याचं बरोबरच आहे," तात्या म्हणतात. "चेहरा हाय कुठं? पण तू तर बघतीयास न्हवं? तू काढ."

मी बटण दाबते. काही होत नाही. म्हणजे झालंय, नवा आवाजच करत नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे, तक्त्यातला मुद्दा सतरावा. पण तात्यांना कसं कळणार? ते छाती फुगवून, श्वास धरून ताठ बसलेत. मी पुन्हा दाबते. ते बसलेत. गाल निळे व्हायला लागतात.

"तात्या, सोडा श्वास! झाला फोटो!"

ते भसकन श्वास सोडतात. "सांगायचं की मग!"

"पण तुम्हाला श्वास धरायची गरज काय? तुम्ही तर..."

"सवय असती गं," ते जरा लाजून म्हणतात.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघते. बदक. अत्यंत सुस्पष्ट बदक. मला एकदम रडू येतं, आणि येतं ते बदकामुळे नाही.

"तात्या," मी म्हणते, "तुमचा फोटो घरात नाही तो माझ्यामुळं नाही. म्हणजे, नाही तो माझ्यामुळंच."

पाण्याचा निळा रंग होडीला लागून जरा पोपडत असतो.

"त्या दिवशी तुम्ही खाटेवर बसला होता. खिडकीतून ऊन आलं होतं. तुम्ही म्हणालात, काढ गं एक. मी मोबाईल धरला, आणि म्हणाले, थांबा, हलू नका. मग हा मोड बघितला, तो बघितला. उजेड कमी केला, वाढवला. थांबा तात्या, अजून एक मिनिट तात्या. आणि तुम्हाला बसल्या बसल्या झोप लागली. मी म्हटलं उद्या काढू. आणि..."

"आणि मी काय थांबलो नाही."

"हो."

"मग? मी काय कमी हुकवलेत?" तात्या होडीतून हात लांब करतात आणि भिंतीवरचं चौगुल्यांचं जोडपं खुंटीवरून काढतात. भिंत इथे कशी आली ते मी विचारत नाही. "हे बघ. अठ्ठ्याऐंशी साल. अंतरपाट, माळा, पंगत, सगळं काढलं. छत्तीस वेळा खटॅक, खटॅक. रात्री उघडतोय तर रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. रोल जागचा हलला नव्हता. आख्खं लग्न कोरं!"

"मग काय केलंत?"

"काय करतोय! सकाळी गेलो, पाया पडलो दोघांच्या. दुसऱ्यांदा लग्न लावलं, हितं, स्टुडिओत. भटजींनी दुसरी दक्षिणा घेतली. आणि या बहाद्दरानं, बायको म्हणाली म्हणून, रातोरात मिशी भादरलेली! मी काजळानं मिशी काढली त्याला. ती बघून ही हसायला लागली, ती थांबंचना. आता सांग, तालुक्यात नवरीचा असा हसरा फोटो कुणाकडं हाय?"

मी फोटो जवळून बघते. मिशी एका बाजूला जरा वर गेलीय. इतकी वर्षं बघतेय मी तो, कधी दिसलं नव्हतं.

"तवापासून माझा नियम. पहिलं खटॅक रिकामं. रोल न लावता. 'झाला!' म्हणायचं. माणसाला वाटतं सुटलो एकदाचा, आणि मग त्याचं खरं तोंड बाहेर येतं. मग काढायचा." ते जुन्या कॅमेऱ्याकडं हनुवटीने खूण करतात, म्हणजे हनुवटी असती तर केली असती. "घे. चुकंल. चुकू दे. चुकायला दिलेत म्या पैसे."

मी जुना उचलते. जड आहे. कोपऱ्यात रंग उडालाय, कुणाच्या तरी अंगठ्याने. लेन्सची कडी हाताने फिरवते. तात्या धुक्यात, आणखी धुक्यात, जरासे बाहेर, पुन्हा आत.

"हलू नका," मी म्हणते.

"पुन्हा तेच?"

"बरं, हला."

खटॅक.

"झाला!" मी ओरडते.

तात्या सैल होतात. खांदे खाली येतात, पाठ होडीला टेकते, आणि ते बदकाच्या मानेकडे बघून हसतात, पोट हलवत, आवाज न करता, जसे फक्त तेच हसायचे. मी कडी केसभर फिरवते. कान लहान होतात. डोळे एका दिशेला येतात. कॉलरच्या वर, बारीक खुंटं वाढलेली, मधोमध खळी असलेली, तात्यांची हनुवटी येते.

आता खरा. पण माझं बोट बटणावर असतानाच ते उठतात.

"थांब. आधी तुझं बघू. सारखी वरच."

"काय?"

"हनुवटी. त्या बक्षिसापास्नं वरच हाय तुझी. शेजाऱ्यांच्या घराच्या रंगावर बोलतीस म्हणं." ते आरशाखालचा पावडरचा डबा सहज उघडतात, दोन बोटं बुडवतात, आणि माझी हनुवटी त्या दोन बोटांनी धरतात. बोटं गार आहेत, डार्करूमच्या औषधाचा वास येतोय. "खाली. जरा आणखी. हां. मान ताठ, हनुवटी खाली. लक्षात ठेव, हनुवटी वर गेली की माणूस कॅमेऱ्याकडं बघत नाही, स्वतःकडं बघतो."

"तात्या, तुमचा फोटो राहिला. मी दाबते हं, दाबते..."

"दाब की मग!"

खटॅक. खटॅक. खड खड खड खडाड.

बाबा दुकानाचं शटर वर ढकलताहेत. ऊन आत येतं. मी सोफ्यावर आहे, मोबाईल खाली पडलाय, झाडू दाराशी.

"पाचला पाच कमी," बाबा म्हणतात. "तो माणूस बसस्टँडला उतरलाय. काय सांगू? जुना की नवा?"

"जुना."

"नक्की?"

"नक्की नाही," मी म्हणते. "पण जुना. आणि बाबा, कॅमेरा हातात आला की पहिला तुम्ही बसायचं. खाटेवर, खिडकीपाशी. उद्या नाही, आजच."

बाबा दोन पावलं आत येतात. माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

"हनुवटीला काय लावलंयस?"

मी आरशापाशी जाते. हनुवटीखाली पांढरे दोन ठसे आहेत, शेजारी शेजारी, बोटांच्या पेरांएवढे. मी पावडरचा डबा उचलते. झाकणाला सकाळचा पोचा. मी ओढते. बाबा ओढतात. दात लावून बघायचंही ते सोडत नाहीत. झाकण हलत नाही.

बाबा डबा जागेवर ठेवतात, अगदी हळू, आणि बसस्टँडकडे निघतात.

मी आरशात बघते, आणि हनुवटी जरा खाली घेते.