अंड्याचं भांडं बाहेर

अंडं आतून शिजलंय की नाही, हे आत्याबाईंना कानाने कळायचं. चिमट्यात धरलेलं गरम अंडं त्या कानाजवळ नेऊन हलवायच्या, डोळे बारीक करायच्या आणि निकाल द्यायच्या, "झालं. आत काय हलंना." नाहीतर, "ऱ्हाऊ दे आजून. डुचमळतंय." हा निकाल सहसा चुकायचा नाही. गंमत अशी, की या बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माझा नवरा तान्हा होता तेव्हापासून त्यांनी अंड्याला तोंड लावलेलं नव्हतं. हातसुद्धा लावलेला नव्हता. चिमटा होता तो म्हणूनच.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. राहुरीकडच्या आमच्या गावात सासूला आत्याबाईच म्हणतात. मी नगरमध्ये वाढलेली, शाळेत शिकवणारी, मला ते सुरुवातीला जड जायचं. "मी तुम्हाला आई म्हणू का?" असं लाडात येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "आई हाय की तुला. दोन दोन काय करायच्यात?" तिथे विषय संपला. त्यांच्याशी बोलताना विषय असाच पटकन संपायचा आणि आपलं बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहायचं.

सासरे गेल्यावर त्या आमच्या नगरच्या, सावेडीतल्या फ्लॅटवर राहायला आल्या. येताना त्यांनी देव आणले, पाटा-वरवंटा आणला आणि आपले नियम आणले. गावाकडे अंड्याचं पातेलं वेगळं होतं. बुडाला काळं झालेलं ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं गोठ्यात खुंटीला टांगलेलं असायचं. माझे सासरे आणि महेश, म्हणजे माझा नवरा, गोठ्यामागे तीन दगडांवर अंडी उकडायचे, तिथेच खायचे, पाणी लांब नेऊन टाकायचे आणि चूळ भरून मगच घरात यायचे. सगळ्यांना ते पाठ होतं, कुणाचं काही अडत नव्हतं. फ्लॅटमध्ये मात्र ना गोठा, ना परसदार. स्वयंपाकाची शेगडी एक आणि नैवेद्यही तिच्यावरच व्हायचा. त्यामुळे अंडी घरात येणंच बंद झालं. महेश कोपऱ्यावरच्या गाडीवर भुर्जी खाऊन यायचा आणि दारात बडीशेप चघळत उभा राहायचा. आत्याबाई म्हणायच्या, "आला वाटतं जेवून." एवढंच. त्यांनी कधी त्याला अडवलं नाही.

मग माझ्या मानेला गाठ आली. आधी दुर्लक्ष केलं, मग ताप यायला लागला, वजन इतकं उतरलं की आधी कौतुक करणाऱ्या शाळेतल्या बायकाही गप्प झाल्या. तपासण्या झाल्या आणि क्षय निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हा गाठीचा आहे, श्वासातून दुसऱ्याला लागत नाही, काही महिने गोळ्या न चुकता घ्या. "आणि अंगात ताकद आणा. रोज दोन उकडलेली अंडी खा." आत्याबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होत्या.

घरी आल्यावर मी माझं ताट, वाटी आणि चहाचा कप उचलून खिडकीत वेगळा मांडला. डॉक्टरांचं बोलणं डोक्याला पटलं होतं, मनाला पटलं नव्हतं. आत्याबाईंनी ते पाहिलं.

"ह्ये काय मांडलंस?"

"असू द्या आत्याबाई. बरं होईपर्यंत माझं वेगळंच बरं."

त्यांनी ताट उचललं, वाटी उचलली, कप उचलला आणि सगळं परत मांडणीत सारलं. "डाक्टर काय म्हनला, ऐकलं ना? आन लागत आसतं तरी मी आसं करू दिलं नसतं. माझ्या चुलतीला ह्योच आजार झाल्ता. तिचं ताट गोठ्याच्या भितीला टांगल्यालं मी बगितलंय. ती आजारानं न्हाई गेली, त्या ताटानं गेली. अंड्याचं भांडं बाहेर ठिवायचं आस्तं, वैशे. मानसाचं न्हाई." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आता अंड्याचं काय करायचं त्ये सांग."

अंड्याचं काय करायचं, हा प्रश्न साधा नव्हता. मी म्हटलं, गाडीवरून आणू. त्या म्हणाल्या, रोजचं खाणं आणि गाडीवरचं? शेजारणीला सांगू म्हटलं, तर त्यांना आजाराचा बोभाटा नको होता. दोन दिवस त्या या विचारात होत्या. शेवटी महेशला आठवलं, की दिवाळीत हौसेने घेतलेला एअर फ्रायर माळ्यावर पडून आहे. त्याने मोबाईलवर बघून सांगितलं, "आई, यात अंडी ठेवायची, बटण फिरवायचं. पाणी नको, पातेलं नको, गॅस नको."

"पान्यावाचून उकडतंय?"

"गरम हवेवर शिजतं."

आत्याबाईंनी त्या काळ्या डब्याभोवती एक फेरी मारली. झाकण कुठे, जाळ कुठे, वाफ कुठून जाते, सगळं विचारून घेतलं. मग हुकूम सुटला. डबा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, स्टुलावर. वीज वॉशिंग मशीनच्याच प्लगवरून. अंडी फ्रीजमध्ये नाहीत, कारण तिथे दूध; ती गॅलरीत झाकणाच्या टोपलीत. सोलणं गॅलरीत, खाणं गॅलरीत, डब्यातली जाळी धुणं गॅलरीतल्या नळाखाली. थोडक्यात, गावाकडचा गोठा त्यांनी सावेडीत तिसऱ्या मजल्यावर वसवला.

आणि करणार कोण? मला उभं राहवत नव्हतं, महेशची कंपनीची गाडी पहाटे यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गॅलरीतून आवाज आला. फट्! मी भिंत धरत गेले, तर आत्याबाई हातात चिमटा घेऊन चार पावलं मागे उभ्या. भाकरीला तवा चांगला तापवावा लागतो, या हिशोबाने त्यांनी डबा शेवटच्या टोकापर्यंत तापवून मग त्यात अंडी सोडली होती. एक फुटून जाळीवर पसरलं होतं. दुसऱ्या अंड्याच्या कवचावर तपकिरी ठिपके उठले होते. "ह्येला गोवर आला," त्या म्हणाल्या. आजारपण सुरू झाल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसले. आत्याबाई आधी रागावून बघत राहिल्या, मग त्याही हसल्या.

ठिपके उठणारच, ते कवचावर असतात, आत काही होत नाही, हे त्यांना पटायला आठवडा लागला. आच मात्र त्यांनी लगेच जमवून घेतली. काटा मधल्या खुणेवर ठेवायचा आणि तोवर अंगणाऐवजी जिना झाडून यायचं. परत आल्यावर चिमटा, कान, निकाल. मग अंडी गार पाण्यात टाकायची. त्यासाठी घरातलं भांडं चालणार नव्हतं, म्हणून नारळाच्या करवंट्या जपून ठेवलेल्या असायच्या. ते पाणी तुळशीला नाही, गॅलरीतल्या गुलाबाला. गुलाब असा काही फुलला, की शेजारणी खत विचारायला लागल्या. आत्याबाई गंभीरपणे सांगायच्या, "काय न्हाई, नुसतं पानी."

सोलायचं काम माझं होतं. पण गोळ्या सुरू झाल्यावर माझे हात थरथरायचे, मळमळायचं, कवचाबरोबर अर्धं पांढरं निघून यायचं. एकदा चिडून मी अंडं करवंटीत टाकून दिलं आणि म्हटलं, मला नको. आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, चिमटा बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी ते अंडं उचललं. मी "आत्याबाई, अहो" म्हणेपर्यंत अर्धं सोलूनही झालं होतं. कवच सबंधच्या सबंध निघालं. माळ घालण्याआधी त्यांनी किती अंडी सोलली असतील, हा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता. वर पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी पेरून त्यांनी करवंटी माझ्यापुढे सरकवली. "गिळ आता."

त्या दिवसापासून सोलणंही त्यांनीच घेतलं आणि आमच्या घराची सकाळ उलटी झाली. आधी त्यांची आंघोळ, मग पूजा, मग चहा असा क्रम होता. आता आधी अंडी, मग आंघोळ, मग पूजा. मी संकोचाने म्हटलं, "देवाआधी अंडी?" तर म्हणाल्या, "देवाला दम निघतो. तुझ्या अंगाला निघंना." थंडीतही हे चुकलं नाही. त्या गॅलरीच्या दारात बसून मी खाताना बघायच्या आणि शेवटचा घास गेला, की विचारायच्या, "कसं झाल्तं?" चव त्यांना माझ्या तोंडावरूनच घ्यावी लागायची. एक खंत मात्र त्यांना होती. त्या डब्यात शेंगा फार छान भाजल्या असत्या, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "पर आता त्यो बाटला," असं म्हणून त्या डब्याकडे हळहळून बघायच्या.

मी बरी झाले. गाठ विरली, गालावर मांस आलं, मी शाळेत जायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, आत्याबाईंनी अंडी बंद केली नाहीत.

पुढे त्यांचंच अंग खचायला लागलं. जेवण कमी झालं, पायावर सूज आली, जिना चढताना त्या दर वळणावर थांबायच्या. त्याच डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकलं होतं, शिवाय अंगात प्रथिनं फार कमी. माळेकडे पाहत ते म्हणाले, "आजी, अंडं खाल्लंत तर लवकर भरून येईल." आत्याबाई फक्त हसल्या.

घरी आल्यावर महेश त्यांच्या दिवाणाजवळ खाली बसला. "आई, औषध म्हणून खा. देव काय म्हणणार आहे?"

"देव काय म्हनंल त्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू तीन महिन्याचा हुतास. ताप उतरंना, डोळं फिरवलंस. तवा म्या गळ्यात माळ घातली, की ह्ये पोरगं वाचू दे. तू वाचलास. तू वाचायला घातल्याली माळ मी वाचायला काढू व्हय?"

रात्री जेवताना महेश मला हळूच म्हणाला, "थालीपिठात घालून देऊ. तिला कळणार पण नाही." तो आईचा मुलगा होता, त्याला ती हवी होती, त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. मलाही त्या हव्या होत्या. पण मी नाही म्हटलं. ज्या बाईने आपला नियम तसाच ठेवून मला रोज हाताने अंडी सोलून दिली, तिला फसवून जगवायचं माझ्या हातून होणार नव्हतं. मी त्याला सांगितलं, "त्यांना जे चालतं त्यातलं सगळं करू. जे चालत नाही ते नाही."

मग मी डाळी भिजवल्या, मटकीला मोड आणले, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. आणि बाजारातून दुसरा, कोरा एअर फ्रायर आणला. तो खोक्यातून त्यांच्यासमोर काढला, ओट्यावर ठेवला आणि त्यात गावाकडच्या शेंगा भाजल्या. घरभर वास सुटला. आत्याबाईंनी एक शेंग फोडली, दाणे हातावर चोळून फुंकर मारली आणि तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिल्या. "म्या म्हनलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. पुढचे काही महिने सकाळी गॅलरीत माझा डबा आणि आत त्यांचा डबा, दोन्ही एकदम घरघरायचे.

शेवटी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रजा काढून तिथेच राहिले. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "अंडी खाल्लीस?" मी मान हलवली, नाही. त्यांनी महेशला समोरच्या गाडीवर पिटाळलं. तो कागदात उकडलेली अंडी घेऊन आला. मी पुडी घेऊन उठले आणि म्हटलं, "बाहेर बाकावर बसून खाऊन येते."

"बाहेर कशापायी? हितंच बस."

"आत्याबाई, तुमच्याजवळ?"

"बस म्हनते ना. मला दिसू दे."

मी त्यांच्या कॉटच्या कडेला बसले आणि अंडी खाल्ली. त्यांची एका हाताची बोटं माळेवर होती, दुसरा हात माझ्या गुडघ्यावर. कागद चुरगाळल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झाल्तं?" मी म्हटलं, "तुमच्यासारखं नाही." त्यांना ते आवडलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

आता घरात कुणी माळकरी नाही. महेश एकदा म्हणाला, की एक डबा विकून टाकू, अंडी आतल्यातच करू. मी गॅलरीत जाऊन अंडी लावली, त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. अंडी अजून गॅलरीतच होतात, करवंटीत गार होतात, पाणी गुलाबाला जातं. कानाजवळ नेऊन मीही हलवून बघते, पण मला काही ऐकू येत नाही. सोलून झाल्यावर मात्र मी तिथे बसत नाही. करवंटी घेऊन आत येते, त्यांच्या दिवाणावर, भिंतीवरच्या फोटोसमोर बसते आणि त्यांना दिसेल अशी खाते.