वरवंट्याला वारा

आमच्या घरातल्या पंख्याला माणूस कुठं बसलंय ते बरोबर कळायचं. माणसांनाच कुठं बसायचं ते ठरवता येईना, तिथं मी काय करणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून मी सांगवीला घरी येऊन बसलो होतो. (सोडताना सुपरवायझरला "उद्या तुम्हीच माझ्याकडं कामाला याल!" असं ऐकवूनही आलो होतो. काय ती अक्कल!) मला स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान काढायचं होतं, आणि जागा होती सासऱ्यांकडं. इंदापूरला स्टँडजवळ तात्यांचा गाळा रिकामा पडला होता. माझी बायको सुनंदा हिनं शब्द टाकला, तर तात्यांचा निरोप आला, "जावईबापू काय उद्योग करत्यात ते बघायला येतू. मग गाळ्याचं बोलू." गाळा मिळाला तर दुकान, नाहीतर त्याच सुपरवायझरपुढं मान खाली घालून पुन्हा शिफ्ट!

म्हणून मी यंत्र बनवलं. आधी पंधरा दिवस वही घेऊन घरात कोण कुठं बसतं ते लिहून काढलं. माझे वडील, आबा, दाराजवळच्या खुर्चीत. आई स्वयंपाकघराशी पाटावर. मी दिवाणावर. सुनंदानं वही चाळली.

"यात माझं नाव कुठं हाय?"

"तू बसतीस कुठं? बसलीस तर लिहीन की!"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

प्रत्येक जागेखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या ठेवल्या, मध्ये स्पंज. माणूस बसलं की पट्ट्या चिकटणार आणि त्या जागेची वस्तू आपोआप सुरू. उठलं की बंद! आबांच्या खुर्चीला टेबलफॅन, आईच्या पाटाला दिवा, दिवाणाला वरचा छताचा पंखा आणि रेडिओ. आठवडाभर सगळं झकास चाललं. मग मी भिंतीवरची जुनी बटणंच काढून टाकली. आता बटणांचं काय काम!

वैशाखात, भर दुपारी तात्या आले. सोबत त्यांचे थोरले भाऊ अण्णा. अण्णांच्या शब्दाबाहेर तात्या जात नाहीत.

"या पाव्हणं, दिवाणावर बसा," आबा म्हणाले.

अण्णा टेकले. पंखा गरगरला, रेडिओ बोलला, "शेतकरी बंधूंनो..." मी छाती फुगवली. तेवढ्यात अण्णांना दिसलं की आबा अजून उभेच आहेत.

"तुमी उभं आन् आमी वर? लेकीच्या घरी आमी असलं करत न्हाय!" अण्णा उठले. पंखा बंद, रेडिओ बंद.

"छे छे, आधी तुमी!"

"न्हाय पाव्हणं, आधी तुमी!"

आबा खुर्चीत बसले, टेबलफॅन सुरू. पाहुणे उभे दिसले म्हणून उठले, टेबलफॅन बंद. त्यांनी तात्यांना खांदे धरून दिवाणावर दाबलं. पण थोरला भाऊ उभा असताना तात्या कसले बसतायत? रेडिओवरच्या माणसानं त्या दहा मिनिटांत शेतकरी बंधूंना सहा वेळा हाक मारली आणि सांगितलं काहीच नाही!

शेवटी अण्णांनी निकाल दिला. "कुणी वर न्हाय, कुणी खाली न्हाय. सतरंजी टाका!"

सतरंजीखाली पट्टी नव्हती. कशी असेल? पंधरा दिवसांत सतरंजीवर कुणी बसलंच नव्हतं! ती अंथरली दिवाण आणि खुर्ची दोन्हींपासून लांब, पार मागच्या भिंतीशी, आणि सगळे मांडी घालून घामानं निथळायला लागले. अण्णा उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "सुनंदे, लाईट गेली का काय?"

"न्हाय अण्णा, हाय की."

"मग पंखा?"

सुनंदा माझ्या कानाशी आली. "अहो, करा की कायतरी!"

"तू बस जरा दिवाणावर."

"वडील खाली आन् मी वर? डोकं फिरलंय का तुमचं!"

मी बसावं, तर सासरे खाली आणि जावई वर. गाळा गेलाच म्हणायचा! मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. मी आत गेलो, वरवंटा उचलून आणला आणि दिवाणावर ठेवला. काही होईना. परत जाऊन पाटा आणला, तो त्याच्याखाली ठेवला. पंखा फर्रकन सुटला! पण वारा सगळा दिवाणावर. सतरंजीपर्यंत झुळूकसुद्धा पोचेना.

अण्णांचं उपरणं हलायचं थांबलं. "जावईबापू, आज पाट्याची पूजा हाय का?"

आबांनी कपाळावर हात मारला. "आरं लेका, पाव्हणं घामानं भिजल्यात आन् तू वरवंट्याला वारा घालतूयास व्हय!"

वरवंटा काही कुणाचा मान राखायला उठणार नव्हता, त्यामुळं रेडिओवरच्या माणसाला एकदाचं पुढचं बोलता आलं. बंधूंनो, उन्हाळ्यात दुभत्या जनावरांना गोठ्यात वारा मिळेल असं बघा, नाहीतर दूध आटतं. तात्यांनी तेवढं मात्र कान देऊन ऐकलं.

जाताना गाळ्याचं अवाक्षर निघालं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुपचूप कंपनीचे जुने कपडे धुवायला काढले.

आठव्या दिवशी निरोप आला, "यंत्र घेऊन या." आम्ही दोघं इंदापूरला पोचलो, तर तात्यांनी मला गाळ्याकडं न नेता थेट गोठ्यात नेलं. आठ जर्सी गाई दावणीला रवंथ करत होत्या.

"हितं बसवा."

"गोठ्यात?"

"व्हय. यंत्र बेस हाय तुमचं, माणसंच वंगाळ. गाय कवा गाईला 'आधी तुमी' म्हणती का? बांधली तितंच बसती!"

मी आठ पट्ट्या आणि आठ पंखे बसवले. गाय खाली बसली की पंखा सुरू. एकदाही चुकलं नाही! तात्या खूश झाले, गाळ्याची किल्ली सुनंदाच्या हातात पडली आणि मी दुकान थाटलं. अजूनही लोक "गाईंचं इंजिनियर हितंच का?" असं विचारत येतात.

सासुरवाडीत माझा सगळ्यात जास्त मान त्या गोठ्यातच आहे. भर उन्हात मी आत पाऊल टाकलं की आठच्या आठ गाई उठून उभ्या राहतात, आठही पंखे बंद पडतात, आणि तात्या ओरडतात, "जावईबापू, भाईर व्हा आधी!"