चंद्रावरचा माणूस आणि माझ्या सासरचे साक्षीदार

काही घरांत जुनी भांडी साचतात, काही घरांत औषधं. आमच्या सासरी साक्षीदार साचतात. चंद्रावर पहिला माणूस उतरला, तो 'लाइव्ह' पाहिलेले! माझं लग्न झालं तेव्हा ते दोनच होते. आता प्रत्येक बारशाला, प्रत्येक भरीत पार्टीला एखादा नवा उगवतो. वय वाढतं तशी या लोकांची नजर तीक्ष्ण होत जाते म्हणायची!

खरं सांगू? त्या काळी देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. खानदेशात यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. हे मी एकदा जेवताना बोलून गेले. माझे सासरे आबा, सावद्याचे केळीवाले, म्हणतात की त्यांनी चंद्र सावद्यातच टीव्हीवर पाहिला. त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"तू तवा व्हती का?"

नव्हते. विषय संपला.

मीही सोडून दिलं असतं. पण माझी ईरा तिसरीत आहे, आणि तिने हे सगळं जळगावच्या शाळेत जाऊन ऐटीत सांगितलं. रिद्धी नावाच्या मुलीने घरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं, "तेव्हा इथे टीव्हीच नव्हता!" तेव्हापासून ईराचं नाव 'फेकू'. पोरगी डबा तसाच परत आणायला लागली. त्यात शाळेचा आजी-आजोबा दिवस आला आणि बाईंनी चंद्राची आठवण सांगायला नेमकं आबांनाच बोलावलं!

माझी झोप उडाली. तशी ती गॅस बंद केला की नाही यावरूनही उडते. पण या वेळी मी ठरवलं, घरात एक तरी खरा साक्षीदार शोधायचा आणि आबांच्या जागी त्याला पाठवायचं.

*

पहिले भुसावळचे नाना. आबांचे मोठे भाऊ, रेल्वेतून रिटायर.

"आम्ही तर रेल्वे कॉलनीत पाहिला," नाना म्हणाले. "रंगीत!"

"नाना, रंगीत? तेव्हा?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते विनातिकीट पॅसेंजरकडे पाहत असतील.

"मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर पाहिला ना! क्वार्टरवाल्यांना ब्लॅक अँड व्हाइट दिसला असेल."

भुसावळात चंद्रसुद्धा ग्रेडप्रमाणे उगवतो!

*

मग धुळ्याच्या अक्का, आबांची थोरली बहीण. टीव्हीचं नाव काढताच त्यांनी हात झटकला.

"टीव्ही कसाले? मी गच्चीवर व्हतू. मना डोयाघाई देखेल शे. एक माणूस हायूहायू खाले उतरना."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे! मी हळूच म्हटलं, "अक्का, आषाढ होता. ढग असतील."

"तेवढं उघडेल व्हतं."

शेवटी मी माझं बी.एस्सी. बाहेर काढलं. "पण अक्का, तो चंद्रावर पाय ठेवत होता तेव्हा आपल्याकडे सकाळ होती! लख्ख उजेड!"

अक्कांनी माझी कीव केली.

"मंग? उजेडमाच बठ्ठं चांगलं दिसस ना, माय!"

घरी येताना बसमध्ये पाऊण तास मी 'उजेडातच सगळं चांगलं दिसतं' यात नेमकी चूक काय आहे ते शोधत होते. डिग्री परत करावी का, असंही वाटून गेलं.

*

माझा दीर नरडाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तो पडला मोबाइलवर जगाची गुपितं पाहणारा.

"वहिनी, कोणी उतरलंच नाही चंद्रावर. सगळं स्टुडिओत शूट केलंय. हवा नाही, मग झेंडा कसा हलला?"

मला क्षणभर हायसंच वाटलं. आबांच्या विरोधात बोलणारा घरात एक तरी निघाला!

"म्हणजे आबांनी टीव्हीवर पाहिलं ते खोटं ना?"

"खोटं कसं?" दीर चिडला. "आबांनी शूटिंग पाहिलं. लाइव्ह!"

*

उरले रामभाऊ, आबांचे चुलतभाऊ. ते त्या काळी केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जायचे, आणि चंद्रावर माणूस उतरला त्या दिवशी खरोखर दिल्लीत होते. माझ्या अंगात बळ आलं. साक्षीदार सापडला!

"रामभाऊ, तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"टीव्ही होता की तिथे!"

"असन. मी टीव्ही पाहत बसलो असतो तर इकडे माल पिकून काया झाला असता. मालाजवय झोपलो व्हतो."

अख्ख्या घराण्यात एवढा एकच माणूस पाहिलं नाही म्हणतो. आणि घरात कोणाचा विश्वास नाही तो त्याच्यावरच! "पाह्यलं असन त्यानं," आबा म्हणतात. "लपवते."

*

शेवटी आबाच गेले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि चेहऱ्यावर अशी शांती की मला घाम फुटला. रिक्षात मी हात जोडले, "आबा, टीव्हीचं तेवढं नका सांगू. पोरीला शाळेत चिडवतात हो." ते बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

हॉल भरलेला. पाहुणे म्हणून विज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक. ईरा आबांचं बोट धरून स्टेजवर उभी, नजर स्वतःच्या बुटांवर. आणि प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता. मग पाहिलंत कुठे?"

पहिल्या रांगेत रिद्धीने शेजारणीला कोपर मारलं. मी पर्सचा बंद इतका पिळला की तो तुटला.

"टीव्ही कायले लागते?" आबा माइकमध्ये म्हणाले. "रेडिओवर पाह्यलं!"

हॉल हसला. ईराची मान आणखी खाली गेली.

"शेठच्या दुकानात रेडिओ व्हता. अर्धं गाव जमलं. तो बोले इंग्रजीत. लोकं मले इचारे, काय म्हनते? मी सांगे."

"वा! इंग्रजी येत होतं तुम्हाला?"

"येत असतं तर आयकत बसलो असतो. सांगितलं कोनं असतं?"

आता प्राध्यापकही हसायला लागले. "मग काय सांगितलंत?"

"सगये केयीवाले. त्याईले काय पाह्यजे? म्हटलं, जमीन भुरभुरी हाये म्हनते, राखेवानी. पानी टिपूस नाही. केयी येनार नाही."

प्राध्यापकांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला.

"आजोबा... बरोबर आहे हे. सगळं बरोबर आहे!"

आबांनी मान हलवली. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. रिद्धी! "आजोबा, मग आता येईल का केळी तिथे?"

आबांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं, बांधावरच्या शेजाऱ्याकडे पाहावं तसं.

"आता येईन. तवा ठिबक कुठी व्हतं!"

ईराने आबांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"आणि रिद्धी, रोपं लागली तर आमच्याकडून ने!"